कबुतरे, आगगाड्या आणि द्वोर्झाक : ‘साधा माणूस’ ही प्रतिमा कितपत खरी?

शिरीषवृक्ष (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी गेली आठ वर्षे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकते आहे. या वर्षी तिच्या वर्गातील चौघांना आंतोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या ‘अमेरिकन’ क्वार्टेटमधील (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या चार वाद्यांच्या रचनेतील) तिसरा भाग बसवायला दिला आहे, त्यामुळे सध्या आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ द्वोर्झाकचाच मुक्काम आहे. तिच्या शिक्षकांनी सांगितले, की त्या भागात पहिल्या व्हायोलिनला उंच सप्तकात जी चिवचिवती सुरावट येते ती एका पक्ष्याची आहे. 1893 च्या जूनमध्ये अमेरिकेतील एका खेड्यात द्वोर्झाक काम करत असताना हा पक्षी सतत ओरडत होता, आणि अखेर त्यांनी त्याला रचनेतच जागा देऊन टाकली.

या निमित्ताने मी त्यांच्याविषयी बरेच वाचले आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच चित्र आढळले. खाटकाचा मुलगा, खेड्यात वाढलेला, देवभोळा, पहाटे उठून रानात फिरणारा, कबुतरे पाळणारा, आगगाड्यांचा वेडा असा हा सरळ साधा माणूस होता आणि संगीत त्याच्यातून झऱ्यासारखे वाहत असे, असे सगळे लिहितात. मला हे चित्र आवडते, तरीही ते थोडे जास्तच गोड वाटते. ज्याने नऊ सिंफनी रचल्या तो इतका साधा असेल का? आणि निसर्गाची ही ओढ त्यांच्या बालपणातून आली, की मोठेपणी शहराला कंटाळल्यावर जडली? जाणकारांनी कृपया लिहावे.

रेल्वेवेडा

साधेपणाचा निवाडा इतरांनी करावा. आगगाडीबाबत मात्र मी साक्ष देऊ शकतो, कारण हा आजार मलाही आहे.

द्वोर्झाक यांचा जन्म 8 सप्टेंबर 1841 रोजी प्रागच्या उत्तरेला व्हल्तावा नदीकाठच्या नेलाहोझेवेस या गावी झाला. ते लहान असताना, 1850 मध्ये, प्रागहून ड्रेस्डेनकडे जाणारा लोहमार्ग त्यांच्या गावातून सुरू झाला. नदी, किल्लेवजा वाडा, चर्च, खानावळ आणि त्यामधून धूर सोडत जाणारे इंजिन, एवढे सगळे ज्या मुलाच्या अंगणासमोर आहे त्याला पुढे जन्मभर स्थानकावर जाऊन उभे राहावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? प्रागमध्ये ते नियमाने स्थानकावर जात आणि इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवत. एकदा स्वतःला वेळ नव्हता म्हणून त्यांनी आपले शिष्य आणि पुढे जावई झालेले योसेफ सुक यांना क्रमांक पाहायला पाठवले, तर सुक इंजिनाऐवजी मागच्या कोळशाच्या डब्याचा क्रमांक लिहून घेऊन आले. त्यावर द्वोर्झाक मुलीकडे वळून म्हणाले, की असल्या माणसाशी तू लग्न करणार आहेस तर! किस्सा पदरचे मीठमसाला लागलेला असेलही, परंतु मला तो शंभर टक्के पटतो.

शेवंती

माझ्या यजमानांनी हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि ‘बघ, मी एकटाच नाही’ असे म्हणून ते पुन्हा वेळापत्रक घेऊन बसले आहेत. रेल्वेवेडा, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही.

चिकित्सक

धागाकर्त्यांची शंका रास्त आहे. या प्रतिमेतील काही भाग खरा आहे, काही भाग इतरांनी रचलेला आहे, आणि काही भाग बहुधा द्वोर्झाक यांनी स्वतःच तसा राहू दिला आहे.

प्रथम खाटकाची गोष्ट. वडील फ्रांतिशेक हे खाटीक आणि खानावळवाले होते, हे निर्विवाद आहे. पण ‘द्वोर्झाक यांनी स्वतः खाटकाचे शिक्षण पूर्ण केले, त्याचे प्रमाणपत्र उपलब्ध आहे’ असे चरित्रांमधून वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते प्रमाणपत्र पुढे संशोधकांनी बनावट ठरवले. म्हणजे कोणाला तरी असे वाटले, की मांस तोडणारे हात पुढे सिंफनी लिहू लागले ही कथा अधिक रंजक आहे, आणि त्या कथेला कागदाचा आधार देण्यापर्यंत मजल गेली.

दुसरे म्हणजे व्यवहार. बर्लिनचे प्रकाशक झिमरॉक यांनी 1885 मध्ये सातव्या सिंफनीसाठी 3000 मार्क देऊ केले. आपल्या ‘साध्या’ खेडुताने 6000 मागितले, दुसरे प्रकाशक दुप्पट द्यायला तयार आहेत असे कळवले, आपण गरीब कलावंत आणि कुटुंबवत्सल गृहस्थ आहोत याची आठवण करून दिली, आणि 6000 घेतलेही. त्याच झिमरॉक यांना छपाईत नाव जर्मन पद्धतीने ‘आंतोन’ असे हवे होते आणि द्वोर्झाक यांना चेक ‘आंतोनिन’ हवे होते. त्यावरही पत्रापत्री झाली. कलावंतालाही मायदेश असतो, अशा आशयाचे वाक्य त्यांनी झिमरॉक यांना लिहिले आहे. ज्याला आपल्या नावाची दोन अक्षरे सोडवत नाहीत त्याला भोळा म्हणणे मला जड जाते.

मांडवी

चिकित्सक यांच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे. परंतु बालपणाचा भाग त्यांनी फार लवकर उरकला, आणि मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते.

मी गोव्यातील आहे. आमच्याकडे गावोगावच्या चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जात असे. माझे आजोबा शेती करणारे गृहस्थ, पण कागदावरचे सूर पाहताक्षणी गात असत. बोहेमियात, म्हणजे द्वोर्झाक यांच्या चेक प्रदेशातही, अगदी अशीच रीत होती. खेड्यातील शाळामास्तर हाच चर्चचा ऑर्गनवादक, वाद्यवृंदाचा प्रमुख आणि मुलांचा संगीतशिक्षक असे. द्वोर्झाक यांना पहिले व्हायोलिन नेलाहोझेवेसचे मास्तर योसेफ श्पित्स यांनी शिकवले. वडीलही झिथर हे तंतुवाद्य वाजवत आणि नाचाच्या चाली बांधत. पुढे 1853 मध्ये मुलाला जर्मन शिकण्यासाठी झ्लोनित्से या गावी मामांकडे ठेवले, तर तिथेही मास्तर आंतोनिन लीमान भेटले. या लीमान यांनी ऑर्गन, व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे आणि खालच्या सुरांचे वाद्य) आणि स्वरसंवादाचे नियम शिकवले. जर्मन भाषा किती आली हा वेगळा प्रश्न.

तेव्हा ‘खेडवळ’ या शब्दाचा अर्थ इथे अशिक्षित असा घेऊ नये. त्या काळच्या बोहेमियातील खेडे हे संगीताच्या दृष्टीने चांगले सुशिक्षित खेडे होते. 1857 मध्ये हा मुलगा प्रागच्या ऑर्गन शाळेत गेला तेव्हा त्याचा कान तयार झालेला होता.

आणखी एक. मी स्वतः व्हायोला वाजवते. व्हायोलावाल्यांवर वाद्यवृंदात किती विनोद होतात हे जाणकारांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे थोडे हिशेब चुकते करते. द्वोर्झाक यांनी प्रागच्या हंगामी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात 1862 पासून 1871 पर्यंत व्हायोला वाजवला. 1866 पासून तिथे चेक संगीतकार स्मेताना संचालक होते. 1863 मध्ये जर्मन संगीतकार वॅग्नर प्रागला आले तेव्हा त्यांच्या हाताखालीही त्यांनी वाजवले. व्हायोलावादक वाद्यवृंदाच्या अगदी पोटात बसलेला असतो. त्याला मुख्य सुरावट क्वचितच मिळते, पण डावीउजवीकडे काय चालले आहे ते सगळे कानावर पडते. ‘अमेरिकन’ क्वार्टेटचा आरंभ व्हायोलाच्या सुरावटीने होतो, हे त्या नऊ वर्षांचे व्याज आहे असे मी मानते.

भूपाळी

मांडवीताईंनी ज्या आरंभाचा उल्लेख केला त्याविषयी लिहितो. ती सुरावट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दचकलो होतो, कारण तिच्यात मध्यम आणि निषाद नाहीतच. सा रे ग प ध एवढ्यावर ती उभी आहे. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ‘नव्या जगातून’ या नवव्या सिंफनीच्या संथ भागातील जगप्रसिद्ध धून घ्या: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. पेटीवर वाजवून पाहा, घरातील ज्येष्ठ मंडळी लगेच ‘भूप का?’ असे विचारतील.

अर्थात ही धून म्हणजे भूप राग नव्हे. रागाचे चलन, ठेहराव, विस्तार यांचा तिथे संबंध नाही, आणि ‘द्वोर्झाक यांना आपला भूप सुचला’ असा निष्कर्ष कोणी काढू नये ही विनंती. पाच स्वरांची सप्तके जगभरच्या लोकसंगीतात सापडतात. न्यूयॉर्कच्या ज्या संगीत विद्यालयात द्वोर्झाक काम करत होते तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली हे त्यांना आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवत, आणि अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया याच गीतांवर घातला पाहिजे असे द्वोर्झाक यांनी 1893 मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मला या प्रसंगात त्यांचा स्वभाव दिसतो. ज्या संगीताकडे तिथला प्रतिष्ठित वर्ग ढुंकूनही पाहत नव्हता ते हा पाहुणा ‘पुन्हा गा’ असे म्हणून ऐकत बसे.

आयोवाकर

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. मी अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स येथे नोकरीनिमित्त अकरा वर्षे राहतो आणि ज्या खेड्यात ते क्वार्टेट लिहिले गेले ते स्पिलव्हिल माझ्या घरापासून मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. आतापर्यंत तीनदा गेलो आहे. पहिल्या खेपेला केवळ ‘पाहुण्यांना कुठे न्यावे’ या चिंतेतून गेलो होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

गाव अगदी लहान आहे. 1893 मध्येही ती काही शे चेक स्थलांतरितांची वस्ती होती. द्वोर्झाक यांचे सहायक योसेफ कोवार्झिक तिथलेच, आणि त्यांचे वडील गावातील शिक्षक व चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख (मांडवीताई, पुन्हा तोच मास्तर). न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचे पहिले वर्ष संपल्यावर सुटीत मायदेशी जाण्याऐवजी द्वोर्झाक यांनी बायकोमुलांसह इथे येणे पसंत केले. 5 जूनला ते पोहोचले. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरून आले आणि म्हणाले, की आठ महिन्यांत आज प्रथमच पक्ष्यांचे गाणे ऐकले. मग चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेला जाऊन ऑर्गनवर बसले आणि एक जुने चेक भजन वाजवू लागले. जमलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी आधी वळून पाहिले, मग गायला सुरुवात केली. 8 ते 10 जून या तीन दिवसांत सबंध क्वार्टेटचा कच्चा आराखडा झाला आणि 23 जूनला ते पूर्ण झाले. आराखड्याच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, की देवाची कृपा, मी समाधानी आहे, भराभर झाले. ते पहिल्यांदा वाजवले गेले तेही तिथेच, कोवार्झिक कुटुंबासह, आणि पहिल्या व्हायोलिनवर स्वतः द्वोर्झाक होते.

ते राहिले ती दुमजली इमारत अजून आहे. खाली लाकडी कोरीव घड्याळांचे संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यावर द्वोर्झाक यांचे. खालची घड्याळे दर तासाला एकदम वाजू लागतात, त्यामुळे वर शांतपणे काही वाचत उभे असलात तर हमखास दचकता. गावाशेजारून टर्की नदी वाहते. ‘नदी’ हा शब्द मोठा वाटावा इतकी ती लहान आहे. काठाला झाडी आहे, आणि झाडी संपली की क्षितिजापर्यंत मका.

शेवंती

खालच्या मजल्यावर घड्याळे, वरती आगगाडीचे वेडे संगीतकार. हे ठिकाण माझ्या यजमानांपासून गुप्त ठेवणे आता आवश्यक झाले आहे.

रानपाखरू

मी गेली वीस वर्षे पक्षी पाहतो, म्हणून धागाकर्त्यांच्या त्या पक्ष्याविषयी लिहितो, कारण त्यात एक मोठी गंमत दडलेली आहे.

कोवार्झिक यांच्या आठवणींनुसार द्वोर्झाक यांनी त्या पक्ष्याचे वर्णन ‘लाल, फक्त पंख काळे’ असे केले होते. त्यावरून तो स्कार्लेट टॅनेजर असणार असे ठरले आणि तसेच सर्वत्र छापले गेले. त्या भागात लाल अंगाचा आणि काळ्या पंखांचा दुसरा पक्षी नाहीच. अडचण अशी आहे, की टॅनेजरचे गाणे घोगरे असते, घसा बसलेल्या माणसाने शीळ घालावी तसे. क्वार्टेटमधील सुरावट मात्र स्वच्छ, तुटक आणि उंच आहे. अलीकडे अमेरिकेतील पक्षी अभ्यासकांकडून असे सुचवले गेले आहे, की ही सुरावट रेड-आयड व्हिरिओ या पक्ष्याच्या गाण्याशी कितीतरी अधिक जुळते. हा व्हिरिओ हिरवट पाठीचा आणि पांढुरक्या पोटाचा असतो, दाट पानांत लपून राहतो, आणि इतर पक्षी गप्प झाल्यावरही दिवसभर लहान लहान तुकड्यांत गातच राहतो.

म्हणजे बहुधा असे झाले असावे: गात होता एक आणि दिसला दुसरा. हे आम्हा पक्षीवेड्यांच्या बाबतीत नेहमी घडते. ताम्हिणीच्या जंगलात एकदा मी पाऊण तास एका सुंदर शिळेचा पाठलाग केला आणि समोरच्या फांदीवर बसलेल्या पर्वत कस्तुराची छायाचित्रे काढून समाधानाने परतलो. घरी आल्यावर लक्षात आले, की छायाचित्रांतील एकाही क्षणी त्याची चोच उघडी नाही. शीळ घालत होता तो मागच्या झाडावरचा भृंगराज, आणि तोही कोणाची तरी नक्कल करत असावा.

माझ्या मते यावरून द्वोर्झाक यांच्या निसर्गप्रेमाची जातही कळते. ते नावे आणि जाती यांच्या मागे लागणारे निरीक्षक नव्हते. डोळा चुकला असेल, पण कानाने जे टिपले ते इतके नेमके होते, की सव्वाशे वर्षांनंतर कोणी केवळ कागदावरच्या सुरांवरून पक्षी ओळखू पाहतो आहे.

चिकित्सक

रानपाखरू यांचा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवण्याजोगा आहे. मात्र ‘निसर्गप्रेम’ हा शब्द आपण सगळे फार सैलपणे वापरतो आहोत असे वाटते. याच स्पिलव्हिलहून त्यांनी सप्टेंबर 1893 मध्ये मायदेशी मित्राला लिहिलेले पत्र पाहा. इथे माणसे थोडी आणि रिकामी जागा अफाट, शेजारी शेतकरी चार-चार मैलांवर, गवताळ मैदानांना मी सहारा म्हणतो, कधीकधी हे सारे इतके उदास वाटते की जीव निराश होतो, असा त्याचा आशय आहे. निसर्गावर सरसकट प्रेम करणाऱ्याने असे लिहिले असते का? विस्तीर्ण मोकळे माळरान हाही निसर्गच आहे.

रानपाखरू

हा मुद्दा मान्य आहे, आणि त्याने माझे मत बदलण्याऐवजी पक्के होते. त्यांना सगळा निसर्ग नको होता, स्वतःचा हवा होता.

निवृत्त_बाई

मी शाळेत संगीत शिकवत असे. उशिरा येते आहे, क्षमस्व.

रानपाखरू यांच्या ‘स्वतःचा’ या शब्दावर थोडे थांबते, कारण चर्चेत अद्याप विसोका या गावाचा उल्लेखच आला नाही. प्रागच्या नैर्ऋत्येला प्रिब्राम हे चांदीच्या खाणींचे गाव आहे, त्याच्याजवळ हे विसोका. द्वोर्झाक यांचे साडू काउंट काउनित्स यांची तिथे जहागीर होती. त्यांच्याकडून द्वोर्झाक यांनी एक जुनी इमारत जमिनीसह घेतली, 1884 मध्ये ती राहण्याजोगी करून घेतली आणि पुढे अमेरिकेतील काळ वगळता जवळजवळ प्रत्येक उन्हाळा तिथे काढला. पहाटे रानात फेरी, मग लेखन, दुपारी बाग आणि कबुतरे, संध्याकाळी गावच्या गुत्त्यावर खाणकामगारांशी गप्पा, असा त्यांचा दिवस असे. आठवी सिंफनी 1889 मध्ये तिथे सुरू झाली. तिच्या पहिल्या भागात चेलोंची गंभीर सुरावट संपता संपता बासरी एकटीच वर येते ती जागा ऐका. धुक्यात कुठेतरी पहिले पाखरू बोलावे तशी ती येते, आणि बाकीचा वाद्यवृंद क्षणभर नुसता ऐकत राहतो. ‘रुसाल्का’ या संगीतिकेतील जलपरीही विसोकाच्या रानातील तळ्याकाठची आहे असे तिथले लोक मानतात, आणि त्या तळ्याला आज तिचेच नाव आहे.

आता दुसरी बाजू. या माणसाच्या वाट्याला जे आले ते पाहिले, की त्याला ‘सुखी साधा जीव’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पहिली मुलगी योसेफा 1875 मध्ये जन्मल्यानंतर दोन दिवसांत गेली. 1877 च्या ऑगस्टमध्ये अकरा महिन्यांच्या रुझेनाच्या पोटात घरातील फॉस्फरसचे विषारी द्रावण गेले आणि ती दगावली. त्यानंतर महिन्याभरात साडेतीन वर्षांचा ओताकार देवीच्या रोगाने गेला, तोही 8 सप्टेंबरला, म्हणजे वडिलांच्या वाढदिवशी. घर रिकामे झाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘स्ताबात मातेर’ पूर्ण केले. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईच्या दुःखाची ती प्रार्थना आहे. पुढे सहा मुले झाली, जगली, आणि विसोकाच्या अंगणात वाढली. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, की ती बाग आणि ती कबुतरे त्यांनी या सगळ्यानंतर उभी केलेली आहेत. बालपणीची ओढ त्यांच्यात होतीच, पण वयाच्या 43 व्या वर्षी रानाजवळ घर बांधणारा माणूस फक्त बालपणाकडे परतत नसतो.

शिरीषवृक्ष (धागाकर्ता)

बाई, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काहीच लिहू शकलो नाही. ‘स्ताबात मातेर’ मी ऐकले होते, पण त्यामागील तारखा ठाऊक नव्हत्या.

रेल्वेवेडा

वातावरण गंभीर झाले आहे म्हणून एक अवांतर विचारतो. कबुतरांविषयी आदर बाळगणारा संगीतकार आमच्या सोसायटीत राहायला आला असता तर काय झाले असते? आमच्याकडे गच्चीला जाळ्या बसवण्यावरून गेली दोन वर्षे सभा गाजत आहेत.

मांडवी

ते सभेतून उठून गेले असते. न्यूयॉर्कमध्येही ते कबुतरे पाहायला सेंट्रल पार्कमध्ये जात, आणि आवडती कबुतरे मागे राहिल्याची हुरहुर त्यांना असे. तिथे आगगाडीच्या फलाटावर सहज प्रवेश मिळेना, तेव्हा ते दूर 155 व्या रस्त्यापर्यंत जाऊन गाड्या पाहत. पुढे ते बंदरात जाऊन जहाजे पाहू लागले. स्वभावात चिडकेपणाही होता. पत्त्यांत हरू लागले की पाने फेकून देत, असे कोवार्झिक यांनी सांगितले आहे.

चिकित्सक

निवृत्त_बाईंच्या प्रतिसादाला पूरक अशी एक नोंद करतो, आणि ती थोडी अरसिक वाटेल. ज्या आठव्या सिंफनीतील बासरीचे त्यांनी इतके सुंदर वर्णन केले तीच सिंफनी झिमरॉक यांच्याकडे न जाता लंडनच्या नॉव्हेलो यांच्याकडे छापली गेली, कारण झिमरॉक फारच कमी पैसे देत होते. पहाटे रानातून फिरून आलेला माणूस न्याहारीनंतर प्रकाशकाला खरमरीत पत्र लिहू शकतो. मला यात विसंगती दिसत नाही. विसोकाचे घर, बाग, सहा मुले यांना पैसे लागतात. माझा आक्षेप केवळ ‘भोळा’ या विशेषणाला होता आणि तो कायम आहे. ‘साधा’ या शब्दाला मात्र मी आता पूर्वीइतका विरोध करणार नाही, कारण त्यांना काय हवे आहे हे त्यांना फार स्पष्टपणे ठाऊक होते, आणि ती यादी खरोखरच छोटी होती.

भूपाळी

‘ती यादी छोटी होती’ याला +१.

एक शंका विचारून ठेवतो. निसर्ग आणि संगीत म्हटले की बीथोवेन यांची सहावी सिंफनी आठवते. तिथे कोकीळकुळातील कुकू, लावा आणि नाइटिंगेल या तिघांची नावे बीथोवेन यांनी स्वरलिपीतच लिहिली आहेत. द्वोर्झाक यांनी क्वार्टेटमध्ये पक्ष्याचे नाव लिहिले आहे का?

निवृत्त_बाई

नाही. 1891 मध्ये त्यांनी ‘निसर्गाच्या राज्यात’ असे उघड नाव देऊन एक प्रस्तावनासंगीत लिहिले आहे, तेव्हा नाव देण्याचे त्यांना वावडे होते असे नाही. क्वार्टेटच्या त्या जागी मात्र फक्त सूर आहेत. वाजवणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो नुसताच एक खट्याळ उंच तुकडा म्हणून वाजवून पुढे जाईल, आणि त्याचे काही बिघडणारही नाही.

शिरीषवृक्ष (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलीला हा संपूर्ण धागा वाचून दाखवला. खाटकाच्या प्रमाणपत्राला ती हसली, रुझेना आणि ओताकार यांच्याविषयी ऐकताना गप्प झाली, आणि टॅनेजर व व्हिरिओच्या वादात तिने आपल्या शिक्षकांविरुद्ध रानपाखरू यांचा पक्ष घेतला आहे. आज सकाळी पाहिले तर तिच्या स्वरलिपीवर त्या ओळीच्या वर पेन्सिलीने एक लहान पाखरू काढलेले होते. ते पानांआड अर्धे लपलेले आहे आणि त्याची चोच उघडी आहे. पुढच्या जूनमध्ये बहिणीकडे शिकागोला जाण्याचा बेत आहे. तिथून स्पिलव्हिल गाठणे कितपत शक्य आहे?

आयोवाकर

अवश्य या. शिकागोहून मोटारीने निम्म्याहून अधिक दिवस जाईल, म्हणून वाटेत आमच्याकडे मुक्काम करावा. पहाटे साडेचारला उठायची तयारी असेल तरच नदीकाठी जाण्यात अर्थ आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणा, कारण टर्की नदीच्या डासांविषयी एकाही चरित्रकाराने लिहिलेले नाही.